पाचव्या पाहुण्यामागची जागा

१

पाचव्या पाहुण्यानंतर एका माणसाची जागा मोकळी सोडायची. त्या जागेत चालायचं नाही, आणि ती कुणासाठी हे विचारायचं नाही. मी कॅम्पात रुजू झाले त्या दिवशी मुख्य गाईड बाम्बो न्जोव्हूंनी मला एवढाच नियम सांगितला. वारा कसा ओळखायचा, पिल्लू बरोबर असलेल्या हत्तिणीपासून किती लांब राहायचं, जखमी रेडा अंगावर आला तर काय करायचं, यातलं काही नाही.

"का?" मी विचारलं.

"हेच विचारायचं नाही."

शेजारी रायफल पुसत बसलेले बाम्बो चुलू हसले. "हिचं नाव टिकाम्बेन्जी. म्हणजे 'आता काय बोलायचं?' आईबापांना आधीच कळलं असणार, ही पोरगी दुसऱ्या कुणाला बोलू देणार नाही."

लुआंग्वा नदीच्या काठाने पाहुण्यांना पायी फिरवताना ओळ ठरलेली असते. सगळ्यांत पुढे रायफलवाला, म्हणजे आमचे चुलू. त्यांच्यामागे गाईड, म्हणजे न्जोव्हू. दोघांनाही सगळे आदराने बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणत. मग पाहुणे, एकामागे एक. शेवटी चहावाला, पाठीवर टोपली आणि हातात किटली घेऊन. इतर कॅम्प सहा पाहुणे नेतात, आमचा पाच. गाईड व्हायचं तर आधी एक हंगाम चहा वाहावा लागतो. मग मुख्य गाईड वहीत सही करतो आणि परीक्षेला बसता येतं. सही मिळाली नाही तर घरी परत. किट्वेच्या विद्यापीठात मी चार वर्षं प्राण्यांचं वर्तन शिकले होते, आणि आता दोन म्हाताऱ्यांच्या मागून किटली घेऊन चालत होते. चहा वाहणारी पहिली बाई म्हणून सगळे माझं कौतुक करत. किटली मात्र कुणी हातातून घेत नसे.

२

पहिल्या आठवड्यात मी मोकळ्या जागेकडे लक्ष दिलं नाही. चालताना समोर एका माणसाएवढं अंतर ठेवणं अवघड नसतं. पाचव्या क्रमांकावर ओस्टरमान नावाच्या जर्मन बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्या महिनाभरासाठी आल्या होत्या आणि दर वेळी मागचीच जागा मागून घेत. त्यांच्या टोपीची मागची कड मला आता डोळे मिटूनही काढता येईल.

मग पुकू दिसले. पुकू ही आमच्याकडची तांबूस हरणं. धोका दिसला की ती लगेच पळत नाहीत. धोक्याकडे तोंड करून उभी राहतात आणि शिटी घालतात. नाक जिकडे, तिकडे बिबट्या. पाहुण्यांना ते बिबट्या दाखवून देतात, म्हणून गाईडला पुकू प्रिय.

त्या सकाळी अकरा पुकू आमच्याकडे तोंड करून उभे होते. माणसं बघतायत, त्यात विशेष काही नव्हतं. पण ते ओळीकडे बघत नव्हते. मी एकेका नाकाची दिशा धरून पाहिली. अकराही रेषा एकाच ठिकाणी येत होत्या, ओस्टरमानबाईंच्या मागे आणि माझ्या पुढे.

चकाकणाऱ्या किटलीमुळे असेल, असं मला वाटलं. मी किटली पाठीमागे नेली. मग पूर्ण डावीकडे धरली. एकही नाक हललं नाही.

एकाने शिटी घातली.

"किती शहाणी आहेत!" ओस्टरमानबाई म्हणाल्या. "आपल्याला नमस्कार करतायत."

मी उन्हाचा कोन, वाऱ्याची दिशा आणि आमच्या मागची झाडी मनात नोंदवून ठेवली. तीन कारणं पुरेशी होती. विद्यापीठात त्यांवर मला पूर्ण गुण मिळाले असते.

३

नऊच्या सुमारास चहासाठी थांबायचं, मोठ्या बाभळीखाली. टोपलीत पाहुण्यांचे पाच पांढरे कप असत, दोघा म्हाताऱ्यांचे दोन निळे, आणि मी घरून आणलेला माझा. त्याशिवाय एक हिरवा, काठावर टवका उडालेला. तो कधी भरत नसत. पण रोज आमाय साकाला, आमच्या स्वयंपाकीणबाई, तो घासून कापडात गुंडाळून टोपलीत ठेवत.

"हा कशाला वाहायचा?" मी एकदा बाम्बो चुलूंना विचारलं.

"एक फुटला तर असावा म्हणून."

"पत्र्याचा कप फुटतो?"

"तू फार बोलतेस, पोरी. गाईडला कान लागतात."

त्या बाभळीच्या शेंगा हत्तींना आवडतात. पूर्वी म्हणे हत्तिणी चहा चालू असताना शेजारी येऊन शेंगा वेचत. पाहुणे श्वास रोखून बसत. एवढ्या जवळून जनावरं दाखवणारा कॅम्प खोऱ्यात दुसरा नव्हता, आणि लोक त्यासाठीच समुद्रापलीकडून येत. गेली दोन वर्षं मात्र हत्ती शंभर पावलांवर थांबत, सोंड वर करून हुंगत आणि वळत.

त्या दिवशीही तसंच झालं. पुढच्या हत्तिणीने सोंड उचलली. सोंडेचं टोक आमच्यावरून फिरलं आणि एका जागी थांबलं. तिथे गवतावर माझी टोपली होती, आणि टोपलीशेजारी कुणी नव्हतं. हत्तीण मागे सरली.

"पूर्वी टोपली हुंगून जायची," चुलू हळूच म्हणाले.

"थकलीय," न्जोव्हू म्हणाले.

हत्तीण चांगली तरुण होती. मी ते बोलून दाखवलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि चहा संपवला.

४

सिंहाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते थोडक्यातच घडलं. आबनुसाच्या झाडांमध्ये एक नर पडला होता, आमच्यापासून साठ पावलांवर. आम्ही थांबलो. त्याने डोकं उचललं आणि ओळ बघितली. सिंह माणसं बघतो तेव्हा एकेक करून बघतो. त्याचे डोळे चुलूंवर थांबले, मग न्जोव्हूंवर, मग एक, दोन, तीन, चार, पाच पाहुणे. प्रत्येकावर सारखाच वेळ. मग ते पुन्हा एकदा थांबले, तेवढाच वेळ. मग माझ्यावर आले.

आम्ही आठ जण होतो. त्याच्या हिशेबाने नऊ.

५

माझ्यापुरता उपाय सरळ होता. शंका आली की प्रयोग करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा ओढा ओलांडताना, वाळूच्या बरोबर मध्यावर, मी चार पावलं भरभर टाकली आणि त्या जागेत शिरले.

किटलीच्या झाकणाचा आवाज थांबला.

झाकण सैल होतं. पाऊल टाकलं की ते खुळखुळायचं, आणि दोन आठवड्यांत तो आवाज मला ऐकूही येईनासा झाला होता. तो बंद झाला तेव्हा पुन्हा लक्षात आला. मी खाली पाहिलं. झाकण हलत होतं.

ओढ्यापलीकडे पुकू चरत होते. त्यांनी शिटी घातली नाही. आम्ही जवळ गेलो तरी ते चरतच राहिले. एक मादी गवत खात खात आमच्याच दिशेने येऊ लागली. पाहुणे पुतळ्यासारखे उभे राहिले. ती ओस्टरमानबाईंपासून दोन हातांवरून गेली आणि माझ्यापाशी येऊन चरू लागली. तिचा कान माझ्या बोटांना लागला. कान गरम होता, आतून केसाळ, आणि त्यावर तीन गोचिडी होत्या. मी माणूस आहे हे तिला कळलं नव्हतं. मी काहीतरी आहे, हेही तिला कळलं नव्हतं.

बाभळीखाली हत्तीण आली. तिची सोंड माझ्या खांद्यावरून खाली उतरली, माझ्या बुटाशी पडलेली शेंग उचलून वर गेली. तिच्या पापण्या मला मोजता आल्या असत्या. तिच्या पोटातला गडगडाट मला माझ्या छातीत जाणवला. खोटं कशाला बोलू, मी इतकी सुखी कधीच नव्हते.

ओस्टरमानबाई रडत होत्या. "आयुष्यात एकदा," त्या म्हणत होत्या, "आयुष्यात एकदाच."

मी बोलणी खायची तयारी केली होती. नियम मोडला होता, तोही पाहुण्यांसमोर. न्जोव्हूंनी मागे वळून मी कुठे उभी आहे ते पाहिलं. मग त्यांनी चुलूंकडे बघून मान हलवली, बाजारात बैल पसंत पडल्यावर हलवतात तशी.

मला कुणी काही बोललं नाही.

६

परतताना मी माझ्या जागी, शेवटी होते. झाकण खुळखुळत होतं. कोरडा ओढा आम्ही थोडा बाजूने ओलांडला, म्हणून सकाळचे ठसे तसेच होते. वारा नव्हता. ठशांच्या कडा पावाच्या सुरीने कापल्यासारख्या होत्या.

माझ्या उजव्या बुटाच्या टाचेचा एक तुकडा निघालेला आहे. आणि मी शेवटी चालते, म्हणून माझे ठसे सगळ्यांच्या ठशांवर पडतात, ते कुणी तुडवत नाही. ते ओळखणं सोपं होतं. अलीकडच्या काठापासून वाळूच्या मध्यापर्यंत तुटक्या टाचेचे ठसे स्पष्ट आले होते. तिथे चार पावलं घाईची होती, लांब अंतराची. त्यानंतर सात माणसांचे ठसे पलीकडच्या काठावर गेले होते.

मी शेजारच्या वाळूत पाय दाबला. ठसा उठला, टाचेचा तुकडा नसलेला.

"चल गं!" चुलू पुढून ओरडले. "सोनं सापडलं का वाळूत?"

वाळू काही ठिकाणी घट्ट असते, असं मी मनाशी ठरवलं. आणि एका प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात मी तो आणखी चार वेळा केला. खरं सांगायचं तर त्यातला एकच शास्त्रासाठी होता.

७

पाचव्या प्रयोगानंतरच्या सकाळी मी पाहुण्यांना न्याहारी वाढत होते. कॅम्पात काळ्या तोंडाची माकडं आहेत. ती पाव पळवतात, पण माणूस उठला की पळतात. माझी बशी मी खांबाजवळच्या टेबलावर ठेवली होती. एक माकड येऊन तिच्याशेजारी बसलं. मी हात उगारला. मग मी बशी धरली. माकडाने माझ्या हातातल्या बशीतून पाव उचलला आणि तिथेच बसून सावकाश खाल्ला. त्याची शेपटी माझ्या मनगटावर पडली होती. मधूनमधून ते वर बघत होतं, माझ्या चेहऱ्यातून पलीकडे, नदीकडे.

मी किटली घेऊन ओस्टरमानबाईंकडे गेले आणि त्यांच्या कपात चहा ओतू लागले.

"मिस्टर न्जोव्हू," त्या म्हणाल्या, "ती चहावाली मुलगी आज दिसत नाही?"

चहा त्यांच्या कपात पडत होता. त्यांनी कप भरलेला पाहिला, साखर घातली आणि ढवळला.

"आहे इथेच," बाम्बो न्जोव्हू म्हणाले. ते पावाला लोणी लावत होते.

मी किटली तिथेच टाकून स्वयंपाकघरात गेले. आमाय साकाला मक्याच्या पिठाची न्शिमा घाटत होत्या. मी दारात उभी राहिले. एक क्षण त्या घाटतच राहिल्या, आणि तो क्षण मला फार लांब वाटला.

"ये," मग त्या म्हणाल्या. "मला दिसतेस अजून."

"अजून म्हणजे काय, आमाय?"

त्यांनी पळी बाजूला ठेवली. खिडकीत हिरवा कप पालथा घातलेला होता. त्याच्या बुडावर खिळ्याने कोरलेलं नाव मी पहिल्यांदाच पाहिलं. लिन्दिवे.

"माझ्या बहिणीची लेक," आमाय म्हणाल्या. "तुझ्यासारखीच तोंडाळ. चहा वाहायची."

"पण चहा वाहणारी पहिली बाई तर मी ना?"

"त्या दोघांना आता खरंच तसं वाटतं. जागेत कुणीतरी आहे एवढंच त्यांना आठवतं, ती कधी चहा वाहायची हे नाही. होतं तसं हळूहळू. मी रोज कप घासते म्हणून माझ्या लक्षात आहे. एक दिवस आजारी पडले होते, तर संध्याकाळपर्यंत नाव आठवेना."

"ती गेली कुठे?"

"कुठेच गेली नाही गं," आमाय म्हणाल्या. "गेली असती तर मी रडून मोकळी झाले असते."

न्शिमा करपू लागली होती. त्यांनी पुन्हा पळी हातात घेतली.

"तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"पाच घरं चालतात या कॅम्पावर, माझं धरून," त्या भांड्यात बघत म्हणाल्या. "मोठी माणसं म्हणाली गप्प बस, मी बसले. आता तू मला काय म्हणशील ते मी स्वतःला म्हणून झालंय."

मी तरीही म्हणाले. ते इथे लिहीत नाही.

८

दुपारी दोघा म्हाताऱ्यांनी मला बोलावलं. पाहुणे झोपले होते. चिंचेखाली दोन खुर्च्या होत्या आणि त्यांवर ते दोघे. आमायसाठी चटई टाकली होती. मला बसायला काही नव्हतं. ते मुद्दाम की लक्षात राहिलं नाही म्हणून, हे मी विचारलं नाही. मी हिरवा कप बरोबर नेला होता आणि येताना किटलीतून भरून घेतला होता.

न्जोव्हूंच्या मांडीवर माझी वही होती, सहीच्या पानावर उघडलेली. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"पोरी, तू चांगलं चालतेस," ते म्हणाले. "ओस्टरमानबाई पुढच्या वर्षी दहा जणांना पाठवणार आहेत. गावातल्या शाळेचं छप्पर, दवाखान्याची होडी, सगळं पाहुण्यांवर चालतं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"गेली दोन वर्षं जनावरं जवळ येईनात. तीही बिचारी थकली. तिचा वास त्यांना यायला लागला." त्यांनी घसा साफ केला. "एक हंगाम. त्या जागेत चाल, म्हणजे तिला बाहेर पडता येईल. हंगाम संपला की तुझी सही."

"कुणाला बाहेर पडता येईल? नाव काय तिचं?"

न्जोव्हूंनी तोंड उघडलं, मग चुलूंकडे पाहिलं. चुलूंच्या कपाळावर आठी पडली. दोघेही खरंच आठवत होते. ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

"तिलाही एक हंगामच सांगितलं होतं ना?"

"वडीलधाऱ्यांशी असं बोलतात?" चुलू म्हणाले. "आणि तुला कुणी ढकललं का? तू आपण होऊन गेलीस. आम्ही तर जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं."

ते बरोबर होतं. त्यांनी सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, आणि तेवढंच. वारा नाही, हत्ती नाही, रेडा नाही. शिकलेल्या, तोंडाळ पोरीला 'विचारू नकोस' म्हटलं की ती काय करते, हे या दोघांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. प्राण्यांचं वर्तन ते चाळीस वर्षं बघत होते.

"बाम्बो न्जोव्हू," मी म्हणाले, "मी त्या जागेत चालणार नाही. उद्याही नाही, सहीसाठीही नाही. मी जाईन तिथे प्रत्येक चहावाल्याला सांगेन की ही जागा कशी भरतात. जनावरं जवळ यायला हवी असतील तर तुम्ही दोघे तिथे आळीपाळीने चाला. तुमचं वय झालंय, फार लोक शोधणार नाहीत."

आमायनी तोंडावर कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेचा पदर धरला.

"आणि तिचं नाव लिन्दिवे. म्हणा. मोठ्याने म्हणा. हा तिचा चहा आहे."

मी भरलेला कप त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला, वहीतलं ते पान फाडलं आणि सरळ उभी राहिले.

आता आरडाओरडा होईल असं मला वाटलं होतं. चुलू खुर्चीतून अर्धे उठलेही होते. ते तसेच थांबले. न्जोव्हूंच्या हातातलं पेन थांबलं. आमायचा पदर तोंडावरून खाली आला. नदीकडे एका पुकूने शिटी घातली, मग दुसऱ्याने.

म्हातारे गप्प झाले होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणा मोठ्या माणसांना असं गप्प केलं नव्हतं, आणि त्याचा आनंद मला क्षणभर झालाही. मग मी त्यांच्या नजरा पाहिल्या. सवयच लागली होती, मी एकेकीची दिशा धरून पाहिली. तिन्ही रेषा एकाच ठिकाणी येत होत्या.

माझ्या चेहऱ्यावर नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या मागे, एका माणसाच्या अंतरावर.